सोनशिंग्याचा आवाज

पुस्तकातून:

'पुलावर पावलं वाजली. ठक्, ठक्, ठक्. मग थोडं थांबणं. मग पुन्हा ठक्. मुलांनी माना वर केल्या. सोनशिंग्या येत होता.'

इथे मी थांबले.

काचेपलीकडून कानसेन म्हणाला, "काय झालं, ताई? छान चाललं होतं."

"घसा."

घसा ठणठणीत होता. मला ते तीन ठक् आणि मधलं थांबणं पुन्हा एकदा वाचून बघायचं होतं, एकटीला, ओठ न हलवता.

*

कानसेन म्हणजे आमच्या स्टुडिओचा ध्वनिमुद्रक. माणूस जेवून आलाय की उपाशी, हे त्याला आवाजावरून कळतं, म्हणून हे नाव. तो काचेच्या त्या बाजूला बसतो, मी या बाजूला. माझी केबिन म्हणजे एक उभं कपाटच आहे. भिंतींना फोम, एक स्टूल, एक माइक, आणि दार इतकं जवळ की बसल्या बसल्या त्याच्या हँडलला हात पोचतो. दार जाड आहे. वर लाल दिवा. तो लागला की दार उघडायचं नाही, मग बाहेर आग लागलेली का असेना.

मी पुस्तकं वाचते. पोटासाठी, आणि आवडीनंही. प्रवासातली, झोप न येणारी, डोळे अधू झालेली माणसं ऐकतात. पोरं ऐकतात.

हे पुस्तक पोरांसाठीचं. लेखक माझा धाकटा भाऊ.

*

धाकट्याची पाच पुस्तकं आहेत, हे शेवटचं. सोन्याच्या शिंगांचा बारशिंगा, बोलणारे प्राणी, धुक्यातला पूल, पलीकडे कधीच न सुकणारं कुरण. पहिल्या पुस्तकात सोनशिंग्या मुलांसाठी पुलावर प्राण देतो. दुसऱ्यात परत येतो. मोठ्यांना लगेच कळतं की हा देव आहे. पोरांना उशिरा कळतं, आणि कळलं की काही पोरं रुसतात, कारण गोष्ट म्हणून तोंडात टाकलेली गोळी औषधाची निघते. पण बहुतेकांना चालतं. आणि धाकट्याची कमाल अशी की प्रत्येक धर्माच्या माणसाला सोनशिंग्या आपलाच वाटतो. दप्तरांवर सोनशिंग्या, पाण्याच्या बाटल्यांवर सोनशिंग्या.

आणि त्यात काजळी आहे.

काजळी ही मुलगी सोनशिंग्याला मानत नाही. तो दाराशी येतो तेव्हा ती आपल्या लहान भावाला एका पेटीत कोंडते आणि झाकणावर बसते, भावाला उजेड दिसू नये म्हणून. या पापाची फेड शेवटच्या पुस्तकात होते. कुरणाचं दार उघडतं आणि सगळे आत जातात. साळिंदर जातं, चोर कोल्हा जातो. ज्यानं तिसऱ्या पुस्तकात अख्खं गाव खाल्लं त्या लांडग्यालाही माफी मिळते. काजळी बाहेर राहते. कायमची.

काजळीच्या उजव्या भुवईत एक जुना वण आहे.

माझ्याही आहे.

*

फोनवर:

"ताई, शेवटचं पुस्तक तूच वाच. लहानपणी तुझ्या आवाजातच झोपायचो मी."

"वाचते. काजळी कोण रे?"

"अगं, ते रूपक आहे. काजळी म्हणजे अश्रद्धा."

"अच्छा. अश्रद्धेच्या भुवईत वण आहे म्हणून विचारलं."

तो हसला. "आम्ही लेखक लोक इकडचं तिकडचं उचलतो गं. मनावर नको घेऊस. फक्त एक, शब्द एकही बदलायचा नाही. करारातच घातलंय मी. मागच्या वाचकानं अर्धी वर्णनं गिळली होती."

"एक शब्द बदलणार नाही," मी म्हटलं.

उट्टं काढायचं म्हणून हो म्हटलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

*

खाली बाबांचं दुकान, तसबिरींना चौकटी करून द्यायचं. वर आमच्या दोन खोल्या. मध्ये लाकडी जिना. बाबांचा एक गुडघा दुखरा होता. तीन पायऱ्या चढायचे, थांबायचे, मग पुढची.

बाबा कधी ओरडले नाहीत. शेजारीपाजारी म्हणायचे, देवमाणूस आहे, कधी आवाज चढलेला ऐकला नाही. खरंच होतं ते. त्यांचा आवाज उतरायचा. जितका राग जास्त, तितका आवाज मऊ. साय लावल्यासारखा. 'ये. ये इकडे. घाबरू नकोस.' हातात चौकटीची पट्टी असायची, नक्षीची बाजू बाहेर.

आई त्या वेळी शिवणयंत्र चालवायला घ्यायची. शिवायला काही नसलं तरी.

धाकटा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. जिन्यावर पाऊल वाजलं की मी त्याला कपड्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसवायची आणि दाराला पाठ लावून उभी राहायची. तो आतून विचारायचा, कोण येतंय? चार वर्षांच्या पोराला काय सांगणार? मी म्हटलं, बारशिंगा येतोय. सोन्याच्या शिंगांचा. पुलावरून चालत येतोय, ऐक. आता कानात बोटं घाल आणि गुणगुण, म्हणजे तो तुला दिसेल.

तो गुणगुणायचा. कधी आतून दार ढकलायचा. मला बघायचंय, सोड ना ताई. मी हँडल घट्ट धरून ठेवायची.

त्याच्या वाट्याला बारशिंगा आला. माझ्या वाट्याला पट्टी.

तो शाळेत जायच्या आत बाबा वारले. त्याला आठवतं ते एवढंच: अंधार, सोनेरी काहीतरी जवळ येतंय, आणि ताई दार उघडत नाहीये.

त्यावर त्यानं पाच पुस्तकं लिहिली.

*

"ताई, सोनशिंग्याचा आवाज ठरवलाय का? पहिल्या चार पुस्तकांत भारदस्त होता. ढगातून आल्यासारखा."

"मी वेगळा करणार आहे."

"करा. ऐकू दे."

मी सोनशिंग्याचं पहिलं वाक्य वाचलं. 'बाळांनो, मी आलोय. कुणी लपायचं कारण नाही.' आवाज खाली आणला. मऊ केला. घाई अजिबात नाही. शेवटच्या शब्दावर किंचित हसू.

कानसेननं हातातला कप खाली ठेवला.

"वाईट झालं का?"

"नाही. प्रेमळ आहे." त्यानं समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला. "म्हणजे, तुम्ही बोलत होता आणि मी कप खाली ठेवला. सांडला तर, असं वाटलं. का वाटलं कोण जाणे."

"मग हाच ठेवू."

"देव असा बोलतो?"

"आमच्याकडचा बोलायचा," मी म्हटलं.

*

केसाने गळा कापणं म्हणतात ते कसं असतं हे मला त्या दिवसांत कळलं. शब्द त्याचे. स्वल्पविरामसुद्धा त्याचे. 'सोनशिंग्यानं काजळीच्या डोक्यावरून नाक फिरवलं.' काय आहे या वाक्यात? काही नाही. नुसतं हळू वाचायचं.

'तो रागावला नव्हता.' आणखी हळू.

*

काही दिवसांनी प्रकाशकबाई आल्या. त्यांनी पहिली प्रकरणं घरी नेली होती, मुलीला ऐकवायला.

"एक विचारू? तक्रार नाही हं."

"विचारा की."

"माझी मुलगी ऐकते. मन लावून ऐकते. पण सोनशिंग्या बोलायला लागला की उठते आणि खोलीला कडी घालते."

"एखादा शब्द चुकलाय का?"

"तेच तर. मी पुस्तक समोर धरून ऐकलं. शब्द सगळे जागच्या जागी."

"मग तिला पुढचं ऐकायचं नाहीये का?"

"ऐकायचंय ना. मला म्हणते, त्या हरणाचं मला नको सांगूस, काजळी लांब पळाली का तेवढं सांग." बाईंनी पर्सचा बंद उगाच दोनदा लावला-उघडला. "सगळी पुस्तकं पाठ आहेत हो तिला. काजळीचा राग राग करायची."

त्या दिवशी मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

*

बाईंनी धाकट्याला कळवलं असणार. दाराच्या प्रकरणाचं वाचन होतं त्या सकाळी तो आला. चांगला कोट, हातात फुलं.

"ताई, तुझ्यासाठी."

"केबिनमध्ये पाणी ठेवू देत नाहीत. बाहेरच राहू देत."

"नाराज आहेस का?"

"कामावर आहे. बस तिकडे, कानसेनजवळ."

तो बसला. लाल दिवा लागला.

'कुरणाच्या दारात सोनशिंग्या उभा होता. आतून उजेड येत होता. काजळी शेवटची उरली होती.

"ये," सोनशिंग्या म्हणाला. "ये इकडे. घाबरू नकोस. मी काय खातो का तुला?"'

हे बोलणं बाबांचं, शेवटच्या वाक्यापर्यंत. जसंच्या तसं. मी ते धाकट्याला कधीच सांगितलेलं नाही. गुणगुणता गुणगुणता तो श्वास घ्यायला थांबला असेल आणि तेवढ्यात ते फटीतून आत गेलं असेल. आणि मग इतकी वर्षं तिथेच राहिलं असेल. देवाच्या तोंडी घालताना त्याला वाटलं असेल, काय सुचलंय.

मी ते बाबांसारखं म्हटलं. मधे ते जिन्यावर थांबायचे तेवढं थांबले आणि म्हटलं.

मग काचेतून पाहिलं.

केस पिकलेला, कोट घातलेला माणूस खुर्चीत बसला होता. दोन्ही कानांत बोटं, कोपरं बाहेर. डोळे मिटलेले. कानसेन त्याच्याकडे बघत होता. त्यानं माझ्याशी बोलायचं बटण दाबलं आणि मला हेडफोनमध्ये आधी ऐकू आली ती गुणगुण.

"साहेब," कानसेन म्हणत होता. "साहेब, बरं वाटत नाहीये का?"

गुणगुण थांबली.

"ताई." धाकट्याचा आवाज. "हा आवाज कुणाचा काढतेयस?"

"तुझ्या देवाचा."

"खरं सांग."

"चार वर्षांचा होतास तेव्हा सांगितलं ते खोटं होतं. हे खरं आहे."

"मी कपाटात होतो."

"हो. आणि दाराला पाठ लावून कोण होतं?"

कानसेन एक बटण फिरवत बसला. फिरवायची काही गरज नव्हती.

धाकट्याचा हात हळूहळू स्वतःच्या उजव्या भुवईकडे गेला. तिथे काही नाही. त्याच्या अंगावर कुठेच काही नाही. त्याची काळजी मी घेतली होती.

"मी बदलतो," तो म्हणाला. "काजळीला आत घेतो. एकच पान आहे, आत्ता लिहून देतो. माफी मागेल तो तिची. सोनशिंग्या. सगळ्यांसमोर."

"एक शब्द बदलायचा नाही. करारात आहे."

"माझीच अट ना? मी मोडतो."

"मी नाही मोडत."

"ताई, असं काय करतेस? ती आत येईल."

"कुणी सांगितलं तिला आत यायचंय? आत कोण आहे माहितीये ना? तोच आहे. आणि तुझं ते कुरण कधी संपत नाही."

त्यानं लिहायला काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. पाच पुस्तकं लिहिलेल्या माणसानं. मी थोडा वेळ ते बघून घेतलं. इतक्या वर्षांनी मिळत होतं, पटकन कशाला संपवा.

मग तो उठला आणि काचेतून दिसेनासा झाला. केबिनकडे यायला छोटा बोळ आहे, लाकडी जमिनीचा. हे दार बंद असलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. पण पायाखालची फळी हलते. ठक्, ठक्, ठक्. मग थांबणं. त्याच्याही गुडघ्याचं काहीतरी सुरू झालंय वाटतं.

मी हात लांब केला आणि हँडल धरलं.

"कानसेन, शेवटचा परिच्छेद राहिलाय."

"ताई, ते साहेब तिकडे..."

"माइकमध्ये काही येतंय?"

त्यानं कान देऊन ऐकलं. "नाही. स्वच्छ आहे."

"मग घे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. आणि पुन्हा लाल दिवा लावला.

हँडल माझ्या मुठीत खाली गेलं. थोडंसं. मी वर दाबून धरलं. पुन्हा गेलं. कपाटाच्या दारावरही असंच व्हायचं, फक्त तेव्हा जोर इवलासा असायचा.

शेवटचा परिच्छेद मी बाबांच्या आवाजात वाचला नाही. माझ्या वाचला. रात्री दिवा मालवल्यावर मी धाकट्याला गोष्ट सांगायची, त्या आवाजात.

'दार लागलं. बाहेर कुणीतरी उभं होतं, हाका मारत होतं. पण दार जाड होतं, आणि उशीर झाला होता. कुणी मागे वळून पाहिलं नाही.'

हँडल आता नुसतं थरथरत होतं.

"झालं, ताई," कानसेन हळूच म्हणाला. "सुरेख झालं. अजून एकदा घ्यायचं का, जपून ठेवायला?"

"घे," मी म्हटलं. "सावकाश घे. मला काही घाई नाही."