पायमोडका स

निकितानं छापील कागद साहेबांपुढं सरकवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"सर, चोरानं स्वतःचंच नाव लिहून ठेवलंय."

अनंतरावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. परभणीतल्या बियाणे कंपनीच्या या कार्यालयाचे ते व्यवस्थापक. कोणता कॉम्प्युटर कधी उघडला, किती वेळ लॉक होता, कुणी चुकीचं नाव टाकलं, याची नोंद गेल्या महिन्यापासून आपोआप व्हायची आणि ती बघायचं काम निकिताचं होतं. कालच मुख्य कार्यालयातून फोन आला होता. तिथल्या कारकून राजेश्रीच्या कॉम्प्युटरवर सतरा दिवसांत त्र्याऐंशी वेळा कुणीतरी घुसायला बघितलंय. माणूस शोधा आणि काढून टाका.

सगळ्या खेपा सकाळी नऊ-साडेनऊच्या. त्या वेळी कार्यालयात एकट्या कस्तुराबाई असायच्या. अकरा वर्षं झाडलोट त्यांच्याकडंच होती.

बोलावल्यावर त्या ओलं फडकं हातात घेऊनच आल्या.

"बाई, राजेश्रीच्या कॉम्प्युटरला हात लावता तुम्ही?"

"लावते की. पण त्याला कुलूप असतंय तवाच. म्हणलं, कुलपाला बोट लावलं तर घरातलं काय जातंय?"

"अन् करता काय?"

"नाव लिव्हायले. माझं." त्यांनी उजवा हात पुढं केला. बोटं सांध्यात वाकडी झाली होती. "पेन धरलं की हात लटलट कापतोय. पगार देताना मुकादम दर महिन्याला अंगठा घेतोय, लय लाज वाटती. हितं नुसतं दाबायचं असतंय. राजेश्रीताईनं बटनावर मराठी अक्षरं चिकटवलेत, दुसरीपतूर शिकलेलं ध्यानात हाय थोडं." मग त्यांनी हात मागं घेतला. "मला काढू नका साहेब. पुन्हा न्हाई लावायची हात."

अनंतराव तसा तापट माणूस. चहा गार आला तरी कार्यालय डोक्यावर घ्यायचे. आज मात्र कागद उचलून मोठ्यानं वाचायला लागले.

"कसतर. कसतर. कसतरा." पान उलटलं. "कसतुरा. कसतुरा. कसतुरा..." हे बरंच लांबलं. यंत्रानं प्रत्येक ओळीपुढं एकच शेरा मारला होता: अयशस्वी. शेवटच्या ओळीवर ते थांबले. "कस्तुरा. परवा सकाळी."

"स चा पाय मोडंना ओ साहेब," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "ते बटन घावायलाच दहा दिवस गेले."

निकिताला हसू आलं आणि डोळेही भरून आले. अनंतरावांना या बाईचं फार कौतुक वाटलं, पण कौतुक कसं करायचं हे त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"निकिता, मुख्य कार्यालयाला कळव. परकं कुणी नव्हतं. कस्तुराबाईंचं खातं काढायचं राहून गेलं होतं, चूक माझी. अन् ते खातं आत्ताच काढ. फिनाईल, झाडू काय संपलं ते इथून पुढं बाईच लिहून कळवतील."

निकितानं राजेश्रीच्या टेबलाशी बसून खातं काढलं आणि मावशींना खुर्ची दिली. अनंतराव मागं येऊन उभे राहिले. कस्तुराबाईंनी एकेक अक्षर शोधून नाव लिहिलं. या खेपेला यंत्र अडलं नाही.

"आता पासवर्ड, मावशी. तुमच्या मनातला कोणताही शब्द."

त्यांनी एक बटन दाबलं. पडद्यावर काळा ठिपका उमटला. दुसरं दाबलं, दुसरा ठिपका.

"अगं बया! आत्ता कुठं लिव्हाय आलं, अन् हे मेलं झाकायलंय!"

"ते झाकतंच, मावशी. तो शब्द फक्त तुमचा. कुणाला दाखवायचा नसतो."

"साहेबाला बी न्हाई?"

"मला बी न्हाई," अनंतराव म्हणाले.

कस्तुराबाईंनी दोघांकडं नीट बघून घेतलं. पदर खोचला, खुर्ची पुढं ओढली.

"मग व्हा की भायेर."

निकिता निघाली, साहेबही मुकाट्यानं निघाले. बाहेर व्हरांड्यात येऊन, दाराकडं पाठ करून उभे राहिले.