पडायची गादी

मी एक जुनी, निळी, चार ठिगळे लावलेली गादी आहे. झोपायची नव्हे बरं का, मित्रांनो. पडायची! आपण पडू नये म्हणून लोक काय काय करतात, पण माझ्याकडे मात्र ते मुद्दाम पडायला येतात. माझा जन्मच त्यासाठी झाला आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

एका मोठ्या शेडमध्ये मला तयार केले. खाली घट्ट फोम, वर मऊ फोम आणि त्यावर जाड रेक्झिनची खोळ. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या कडा दाभणाने शिवल्या, उचलायला चार कापडी मुठी लावल्या आणि शेवटी चपला काढून तो स्वतः स्टुलावरून माझ्यावर धपकन बसला. "चालतंय," तो म्हणाला. माझ्यावर पडणारा तो पहिला माणूस, आणि माझे पहिले कौतुकही तेच.

तिथून मी या व्यायामशाळेत आले. उंच छत, उंच खिडक्या, भिंतीला लाकडी शिड्या आणि छतातून लोंबणाऱ्या कड्या. इथे राज्य मोठ्या सरांचे. मोठे सर उंचीने बेताचेच, पण त्यांचा आवाज असा की खिडकीतली कबुतरे उडून जायची. ते जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींना शिकवत. मुले कड्यांवरून, दांडीवरून उडी घेऊन माझ्यावर उतरायची. पाय जुळवून कुणी नीट उभे राहिले की सर नुसते "हं" म्हणायचे. त्या एका "हं"साठी मुले वर्षभर घाम गाळायची. त्या कौतुकातला थोडा वाटा मी मनातल्या मनात माझ्याही नावावर करून घ्यायचे.

अशी बरीच वर्षे गेली. माझ्या मधोमध खड्डा पडला, एक कोपरा उसवला. मग नव्या गाद्या आल्या आणि मला सामानाच्या खोलीत भिंतीला टेकवून उभे केले. शेजारी फुटके चेंडू आणि एक मोडका पंखा. तीन उन्हाळे मी तशीच उभी होते. दार उघडले की वाटायचे, मलाच न्यायला आले. पण ते झाडू न्यायला आलेले असायचे.

एके दिवशी मात्र एक बाई आत आल्या. त्यांनी मला तळव्याने दाबून पाहिले आणि मी तो तळवा लगेच ओळखला. लहानपणी हेच तळवे त्यांनी माझ्यावर हजारदा टेकले होते. त्या सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. आता त्या चालता-हलताना अडचण येणाऱ्या लहान मुलांना व्यायाम शिकवत. मुले त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

"सर, ही गादी मला द्या," ताई म्हणाल्या.

"ती बाद झालीय. बसून गेलीय पार."

"म्हणून तर हवी. नव्या गाद्या फार कडक आहेत माझ्या पोरांना."

सरांनी नाक खाजवले. "शनिवारी सकाळी अर्धं सभागृह तुला दिलं, गादीही घे. पण एक लक्षात ठेव. इथं खेळ शिकवतात."

"मी पण खेळच शिकवणार आहे, सर," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला उन्हात टाकले, ओल्या फडक्याने पुसले, उसवलेला कोपरा शिवला. मला अगदी न्हाऊन-माखून नवे कपडे घातल्यासारखे वाटले.

आणि मग तो पहिला शनिवार आला. मित्रांनो, खरे सांगते, मी घाबरले होते. आजवर मुले माझ्याकडे वरून आली होती. ही मुले बाजूने आली. कुणी चाकांच्या खुर्चीतून उतरून सरपटत आले, कुणी कुबड्या भिंतीला लावून ताईंच्या गळ्यात हात टाकून आले. एका मुलाचा एक हात कोपरापर्यंतच होता. तो आल्या आल्या सगळ्यांना हुकूम सोडू लागला, म्हणून त्याचे नाव पडले कप्तान. एवढ्या हलक्या, एवढ्या जपून टेकणाऱ्या अंगांची मला सवय नव्हती. पण दहा मिनिटांत ती सगळी माझ्यावर लोळू लागली आणि माझी भीती गेली.

त्यांच्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. तिचे पाय जन्मापासून ताठ होते. गुडघ्यापर्यंत पट्ट्या बांधून, वॉकर धरून ती चालायची. पाय ताठ असले तरी तोंड अगदी सुटे! गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत तिची बडबड थांबत नसे. घरी तिला टकळी म्हणत, म्हणून इथेही ती टकळीच झाली.

ताईंनी पहिल्या दिवशी तिला विचारले, "तुला काय शिकायचंय?"

"कोलांटउडी," टकळी म्हणाली. "ती ताई मारते ना, तशी." आणि तिने सरांच्या मुलींकडे बोट दाखवले.

भिंतीशी बसलेल्या तिच्या आईने पर्स घट्ट धरली.

ताईंनी नाही म्हटले नाही. त्यांनी माझ्याखाली एका बाजूला लाकडी फळी घालून मला उतार दिला आणि टकळीच्या कमरेला धरून तिला हळूहळू गोल फिरवायला सुरुवात केली. सगळे पालक टाळ्या वाजवायचे. टकळीने हात टेकले तरी टाळ्या, डोके वाकवले तरी टाळ्या. एकदा ती नुसती शिंकली तरी कुणीतरी टाळ्या वाजवल्या!

एका शनिवारी तिचा पारा चढला. ती माझ्यावर उलटी पडली होती, फ्रॉक तोंडावर आला होता, आणि टाळ्या चालूच.

"वाजवू नका ना!" ती ओरडली. "मला नाही आलं. सर त्या मुलींना ओरडतात. मला कोणीच ओरडत नाही."

टाळ्या थांबल्या. पलीकडे सर आपल्या मुलींचा सराव घेत होते. ते चालत आले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "हात खांद्याच्या सरळ रेषेत नाहीत. आणि हनुवटी छातीला चिकटव. मान वर ठेवून कोण कोलांटउडी मारतं?" आवाज चढलेला नव्हता, पण गोडही नव्हता.

टकळीचे डोळे असे चमकले की काय सांगू!

आणि तिथेच घोटाळा झाला. ताई कप्तानाकडे वळल्या होत्या. टकळीने कुणाला न विचारता हात रेषेत ठेवले आणि एकटीने स्वतःला पुढे झोकून दिले. हातांकडे लक्ष देताना हनुवटी राहिलीच. मान वाकडी झाली, ती माझ्या कडेवर तोंडावर आदळली आणि दात ओठात घुसला. माझ्या निळ्या खोळीवर रक्ताचे चार थेंब पडले.

आई धावत आली. तिने पोरीला उचलले आणि सरांकडे वळून म्हणाली, "तुमच्या पोरींसारखी आहे का ती? काही कळतं का तुम्हाला?"

सरांनी आपला रुमाल पुढे केला. टकळी तो ओठाला लावून रडत होती, "मला राहू दे ना गं! अजून वेळ संपला नाही!" आई थांबली नाही. दार लोटले गेले आणि बाहेर वॉकर गाडीत टाकल्याचा आवाज आला.

सगळी मुले गेल्यावर सर येऊन माझ्याशेजारी बसले. त्यांनी बादली आणली आणि ते डाग स्वतःच्या हाताने पुसले. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिले.

"चूक माझी," ते ताईंना म्हणाले.

"तुम्ही तिला टोकलंत, त्यात काही चूक नाही."

"टोकण्याचं म्हणत नाही मी. शिकणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट सांगायची असते. मी दोन सांगितल्या. चाळीस वर्षं शिकवतोय, आणि दोन सांगितल्या!"

पुढच्या शनिवारी टकळी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुले लोळली, हसली, कप्तानाने सगळ्यांना दोन-दोनदा झापले. पण कुणीतरी रेडिओ बंद केल्यासारखे सभागृह सुने वाटे. वापर नसताना तीन वर्षे काढली होती मी, पण हे दोन आठवडे मला त्याहून जड गेले.

मग एका दुपारी तिची आई एकटीच आली. सर नव्या गाद्या मोजत होते, ताई माझ्यावर बसून काहीतरी लिहीत होत्या.

"तिचं नाव काढून टाका," आई उभ्यानेच म्हणाली. "सांगायला आले होते."

"बरं. ती कशी आहे?" ताईंनी विचारले.

आईचा आवाज एकदम फुटला. "कशी असणार? पलंगावर कोलांटउड्या मारते. मी स्वयंपाकघरात गेले की सुरू. कालपासून दोनदा खाली आली. खाली फरशी आहे हो! लक्ष तरी किती ठेवायचं माणसानं?"

सर लांबूनच म्हणाले, "म्हणजे पडायचं तर तिनं ठरवलंयच. मग जिथं पडायची सोय आहे, तिथं पडू दे की."

आई त्यांच्याकडे रागाने बघत राहिली. मग तिला काय झाले कोण जाणे, हसूच आले. ती माझ्या कडेवर टेकली. डोळे पुसत म्हणाली, "ती पडली की तिच्याआधी मला लागतं. तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळायचं," ताईंनी मान्य केले. "तुम्ही कधी मारलीय कोलांटउडी?"

"मी? छे! लागेल, पडशील, हेच ऐकत मोठी झाले."

"मग मारून बघा ना एक. आत्ता कोण बघतंय?"

आईने आधी दाराकडे पाहिले, मग सरांकडे. सर शहाण्यासारखे पाठ फिरवून उभे राहिले. तिने पर्स खाली ठेवली, चपला काढल्या, चष्मा ताईंच्या हातात दिला आणि माझ्यावर हात टेकले. हात थंडगार होते. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. मग ताई म्हणाल्या, "हनुवटी आत," आणि ती गेली! सरळ काही गेली नाही. तिरकी गेली, एका खांद्यावरून घसरली आणि माझ्या खड्ड्यात उताणी पडून छताकडे बघत राहिली.

"अहो, पडले मी," ती हळूच म्हणाली.

"पडलात," ताई म्हणाल्या.

"काहीच झालं नाही."

"व्हायचं नसतंच. त्यासाठीच तर ही आहे," सर म्हणाले आणि त्यांनी मला थोपटले. मित्रांनो, मोठ्या सरांच्या हातची थाप! मला अजून कुणी पदक दिलेले नाही, पण तेव्हापासून त्याची गरजही वाटली नाही.

आई पुन्हा एकदा पडली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ती इतकी हसली की तिला उठवेना.

शनिवारी टकळी हजर होती, ओठावर पुसटसा वण आणि तोंडात तीन आठवड्यांच्या साठलेल्या गप्पा घेऊन. सर दर शनिवारी एकच शब्द सांगायचे, "हनुवटी." महिनाभर तेवढेच. हनुवटी जमली तेव्हा कुठे दुसरा शब्द आला, "हात." ताईंचे हात तिच्या कमरेवरून हळूहळू सैल होत गेले. आधी दोन हात, मग एक, मग नुसती बोटे.

आणि एके दिवशी बोटेही नव्हती. मला प्रथम दोन तळवे जाणवले, नीट खांद्याच्या रेषेत. मग डोक्याचा मागचा भाग नुसता पुसट घासून गेला. मग खांदे, मग पाठ, मणका अन् मणका, आणि शेवटी त्या दोन ताठ टाचा, एक आधी, एक मागून. धप्प!

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टकळीची तशी सक्त ताकीदच होती. ती उताणी पडूनच म्हणाली, "उठून बसता नाही आलं. ते कसं करायचं?"

"हं," मोठे सर म्हणाले. "आधी श्वास घे."

तेवढ्यात भिंतीकडून एकच टाळी ऐकू आली. आईला राहवले नव्हते. "आईऽऽ!" टकळी ओरडली, आणि मग सगळेच हसू लागले.

मित्रांनो, मी काही जादूची गादी नाही. टकळी आता दहा वर्षांची आहे. तिचे पाय अजून ताठच आहेत आणि वॉकरही आहे. पण गेल्या महिन्यात शाळेच्या ओल्या पायरीवरून तिचा तोल गेला. त्या शनिवारी ती दारातूनच ओरडत आली, "सर, मी पडले! हनुवटी आत, हात बाजूला, आणि घरंगळले! एवढंसं पण लागलं नाही. बाई घाबरल्या, मी नाही!" सरांनी तिच्याकडून ते सगळे पुन्हा एकदा करून घेतले आणि हात थोडा उशिरा टेकला म्हणून तिला ओरडले. टकळी खूश!

मी आता बरीच थकले आहे. पण माझे छान चालले आहे. तुमच्याकडे एवढेच मागणे, की माझ्यासारख्या गाद्यांना फरफटत नेऊ नका, चौघांनी चार मुठी धरून उचला. बूट घालून आमच्यावर चढू नका, आणि आठवड्यातून एकदा ऊन दाखवा. आम्हाला सांभाळले, तरच आम्ही तुम्हाला सांभाळू. आणि तुमच्या वर्गातले कुणी वेगळ्या चालीचे मूल खेळायला आले, तर त्याला कडेला बसवून नुसत्या टाळ्या वाजवायला लावू नका. त्याला खेळात घ्या. चुकले तर चुकले म्हणून सांगा. पडले तर उठायला त्याला थोडा वेळ द्या.

बाहेर गाड्यांची दारे वाजताहेत, कप्तानाचा हुकूमही ऐकू येतोय. नऊ वाजले वाटते. मी आपली अंग सैल सोडून पसरते. आता कुणीतरी येऊन पडेल.