दात न लावता

जळगावहून धुळ्याला निघालेली सकाळची एस.टी. पारोळ्याच्या पुढच्या त्या फाट्यावर थांबली, की गुरुवारी निम्मी रिकामी व्हायची. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत एक बाटली असायची. कुणाची सरबताची, कुणाची खोकल्याच्या औषधाची. आत त्याची स्वतःची सकाळची लघवी. मठाच्या भिंतीवर या बाटल्या ओळीने मांडल्या जायच्या आणि ऊन चढलं की सगळी भिंत मोरपिसासारखी हिरवी-निळी झळकायची. लोक तिच्यापुढे हात जोडायचे. आपल्याच लघवीला नमस्कार करणारा भक्त शंकरानेही आधी पाहिला नसेल.

मठाचे मालक नीलकंठ महाराज. वाणी गोड, हात सढळ.

"हलाहल कोन पेलं? भोळा शंकर. कंठ कसा झाला? निळा. मग तुमच्या किडनीतलं जहर निघंल ते कसं निघंल? निळंच ना बाप्पा? डॉक्टर सांगतो, किडनी गेली. गेली कुठं? भुसावळला गेली का गाडी पकडून?"

गर्दी हसायची. हसता हसता तोंड उघडायची आणि महाराज पितळी ताटातली केळ्याची एकेक चकती एकेकाच्या जिभेवर ठेवायचे. अट एकच: डोळे मिटायचे आणि दात लावायचा नाही. दात लागला तर तो शंकराच्या गळ्याला लागला. चकती तशीच गिळायची, घरी जाताना मठाच्या बागेतली डझनभर केळी न्यायची आणि दिवसभर खायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी निळी. दगडावरची रेघ.

याच एस.टी.तून डॉ. विजया भारंबे पुढे धुळ्याला जायची. मांडीवर दीड वर्षाची मिठू, खांद्याला दुपट्यांची पिशवी. धुळ्याच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ती किडनीची डॉक्टर होती, पण अर्धवेळ, आठवड्यातून दोनदा. पाटीवर तिचं नाव सगळ्यांच्या खाली होतं, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं. मिठूला ओपीडीच्या वेळात बेबाबाई नावाची आया सांभाळायची आणि दोन पेशंटांच्या मध्ये विजया पडद्याआड जाऊन तिला पाजून यायची. आता पाजायला वेळच वेळ मिळत होता. कारण तिचे पेशंट तिच्याच बसमधून यायचे आणि तिच्या डोळ्यांदेखत आधीच्या फाट्यावर उतरायचे.

ती लोकांना सांगायची तेही कुणाला पटण्यासारखं नव्हतं. मीठ सोडा, गोळ्या रोज घ्या आणि केळं खाऊ नका. केळीच्या मुलुखात लेकराच्या तोंडी पहिला घास केळ्याचा जातो आणि दुखणाईताला भेटायला जाणारा हातात केळीच घेऊन जातो. विजयाचे वडील, नाना, स्वतः रावेरकडचे केळीवाले. ती समजावून सांगायची, की केळ्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. धडधाकट किडनी तो बाहेर टाकते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही, मग तो रक्तात साठतो आणि एक दिवस चालतं काळीज थांबवतो. लोक माना डोलवायचे आणि बाहेर जाऊन एकमेकांना सांगायचे, की बाई शिकून शिकून बापाच्या धंद्यावर उठली.

सुभेदार तोताराम पाटील मात्र ऐकायचे. किडनी जेमतेम पाचवा हिस्सा चालत होती, पण गोळी चुकवायची नाही म्हणजे नाही. हुकूम म्हणजे हुकूम. या माणसाला आपण अजून काही वर्षं नक्की चालवू, असं विजयाला वाटायचं. तिच्या सगळ्या अर्धवेळ नोकरीचा तेवढाच एक पुरा हिशोब होता.

एका गुरुवारी तेच सुभेदार आले आणि त्यांनी टेबलावर निळी बाटली ठेवली. शेजारी गोळ्यांची पुडी, महिन्याभराची, न फोडलेली.

विजयाने विचारलं, महाराज प्यायला काय देतात. काही नाही, फक्त केळं. चावून खाल्लंत का? नाही, तसा हुकूम नाही. रंग मिसळला असणार हे तिला कळत होतं, पण कुठे आणि कसा ते दाखवता येत नव्हतं. तिने रक्त तपासायला सांगितलं तर सुभेदार शांतपणे हसले.

"मॅडम, तुमना रिपोर्ट कागदवर ऱ्हास. हाई मना डोयाले दिखस."

"आणि केळी?"

"तुमना नाना केळीच ईकतस ना? मंग त्या काय जहर ईकतस?"

टाच जुळवून त्यांनी सलाम केला आणि ते गेले. पुढे कळलं, की मठाची रांग आता तेच लावतात. रुग्णालयातले आणखी सहा-सात पेन्शनर त्यांच्यामागे गेले. रांग इतकी सरळ, की महाराज कौतुकाने सांगायचे, शंकराला आता फौज मिळाली.

पुढच्या गुरुवारी विजया ओपीडीत बसली असताना मिठूचं रडणं ऐकू आलं. ती धावत व्हरांड्यात गेली. बेबाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवरच्या मिठूचं तोंड, जीभ, हनुवटी, सगळं गर्द निळं झालं होतं. लाळही निळी.

 विजयाने मिठूच्या तोंडात बोट घालून ते साफ केलं, पाण्याने धुतलं, छातीला कान लावला, नखं पाहिली. श्वास ठीक होता. पोर नुसती चिडली होती, तोंडातला गोड घास काढून घेतला म्हणून.

बेबाबाईने रडत रडत सांगितलं. लेकरू सारखं सर्दीने बेजार, म्हणून तिने आज पहाटे मठात आपल्या वाटची चकती गिळली नव्हती. गालात धरून बाहेर आणली आणि पानात बांधून ठेवली होती. मिठूला भरवताना हात जोडून सांगितलंही होतं, की माय, दात नको लावू.

पण मिठूला नुकत्याच दाढा येत होत्या. ती हाताला लागेल ते चावत होती. तिला कुणाचा हुकूम पोचला नव्हता.

विजयाच्या बोटाला चुऱ्याची कणी लागली होती. साखरेचा पापुद्रा आणि आत निळी भुकटी. तिने ती पाण्यात टाकली तर वाटीभर पाणी निळं झालं. हा रंग तिने कॉलेजपासून पाहिला होता. लॅबमध्ये काचेवरचे जंतू रंगवायला वापरतात तोच. लघवीच्या जळजळीवर त्याच्या गोळ्या एके काळी सर्रास मिळायच्या. गोळी पोटात गेली, की ती ज्याची त्याची लघवी निळी करते. राजाची, रंकाची, पैलवानाचीसुद्धा. जहराचा, किडनीचा, शंकराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. चकतीत गोळी, म्हणून दात नाही लावायचा. एवढंच.

तिने पोरीला कडेवर घेतलं आणि रुग्णालयाची जीप काढायला लावली.

मठात रांग लागली होती. सुभेदार पुढे उभे होते, पण काठी टेकून. पाय ओढत होते. केळ्यांचा क्षार रक्तात चढलाय, हे विजयाने तेवढ्यावरूनच ओळखलं. ती महाराजांकडे गेलीच नाही. सुभेदारांपुढे उभी राहून तिने मिठूची जीभ दाखवली, आणि म्हणाली, की सुभेदार साहेब, आज एवढंच करा, चकती चावून बघा. काही निघालं नाही तर मी पुन्हा तुमच्यापुढे गोळीचं नाव काढणार नाही.

महाराज ताटावर उपरणं ओढत म्हणाले, "दात लावंल त्याचं वाटोळं व्हईल, फौजी."

सुभेदारांनी महाराजांकडे पाहिलं, मग पोरीच्या निळ्या तोंडाकडे पाहिलं. वाकून उपरण्याखालून एक चकती उचलली, तोंडात टाकली आणि सगळ्यांना आवाज जाईल अशी कडकन चावली. ओठांच्या कडेने निळा ओघळ मिशीवर आला. त्यांनी तळहातावर थुंकून पाहिलं. फुटलेली गोळी.

एवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, की नीलकंठ अंगात आला. आणि बाया पटापट पाया पडू लागल्या. पुरावा समोर ओघळत होता आणि लोक त्यालाच कुंकू लावायला निघाले होते. विजयाला हसावं की रडावं कळेना.

सुभेदारांनी हात वर करून परेडवर देतात तसा हुकूम दिला.

"लाइन तोड."

रांगेतली पेन्शनर मंडळी एका पावलात बाहेर पडली. बाकीची रांग थोडी सरकली आणि रिकामी जागा भरून निघाली.

धुळ्याला परतताना जीपमध्ये सुभेदारांनी विचारलं, आज किती केळी खाल्ली ते सांगू का. विजया म्हणाली, सांगा. त्यांनी सांगितलं आणि तिने ड्रायव्हरला गाडी पळवायला लावली. रुग्णालयात पोचल्यावर हृदयाचा आलेख काढला, तर रेघा भाल्यासारख्या उंच आणि टोकदार, पोटॅशियम चढल्याची खूण. तिने शिरेतून कॅल्शियम दिलं, ग्लुकोज आणि इन्सुलिन दिलं, डायलिसिसच्या मशीनवर न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स उभी केली. उचलून आत ठेवण्याआधी दिवेलागणीला ते गेले. मिशीवरचा रंग पुसायचा राहिला होता.

त्याच मरणातून महाराजांनी पुढची कथा रचली. फौजीने दात लावला, शंकराने त्याच दिवशी नेलं. भिंतीवरच्या बाटल्या वाढल्या.

उत्तरकार्याला विजया पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावी गेली, तेव्हा ओसरीवर हेच बोलणं चाललं होतं. तिला पाहून बाया सरकून बसल्या. सुभेदारांची बायको, शेवंताबाई, कोपऱ्यात बसली होती. मान वर न करता तीच बोलली.

"दात लागना त्याना आधीच त्यासना पाय थरथरी ऱ्हायंतात. महिनाभर दात न लावता खादं, ते कोनी का नही सांगत? मनाच हातथीन सोली दिन्हात मी केळी."

मग तिने विजयाला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, की चावलं त्याने काही झालं का, खरं सांगा. विजयाने सांगितलं, नाही. निळ्या रंगाने ते गेले नाहीत. केळ्यांनी आणि सोडलेल्या गोळ्यांनी गेले. शेवंताबाई सोललेल्या सालांकडे पाहावं तशी आपल्या हातांकडे पाहत राहिली.

हे लिहिताना कुणाचा देव काढून घ्यायचा नाही. मानायचा त्याने मानावा. पण वाचणाऱ्या आयाबायांनो, घरात दुखणं आलं आणि कुणी काही गिळायला दिलं, तर त्याला त्या वस्तूचं नाव विचारा. नाव न सांगणाऱ्याच्या हातून पाणीसुद्धा घेऊ नका. रंग बदलला म्हणजे रोग गेला, असं नसतं. धडधाकट माणसाने तेच खाल्लं, तरी त्याचाही रंग बदलतोच. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. विचारलं म्हणून देव रागावत नाही. रागावतो तो ताट झाकणारा.