वल्हं नसलेलं माणूस

बँकेच्या नवव्या मजल्यावर ताडबाईंच्या खुर्चीमागे ऑलिंपिकचा एक भलामोठा फोटो टांगलेला होता. आठ वल्ही, घामाने निथळणाऱ्या आठ मुली आणि चौकटीच्या कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर. त्या कोपराची मालकीण खाली दुसऱ्या मजल्यावर बसायची. संघात तिला चिमणी म्हणायचे, कारण जीव एवढासा आणि आवाज मात्र काठापर्यंत जाणारा. बोटीत सुकाणू तिच्या हाती असायचं. वल्हवणाऱ्या आठही जणी पुढे पाठ करून बसतात. पुढचं दिसतं ते फक्त सुकाणूवालीला. तिनं ओरडायचं, बाकीच्यांनी ओढायचं.

पहिलं वल्हं ताडबाईंचं, म्हणजे जागा चिमणीच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. स्पर्धेत बोट पाचवी आली. पाचवी! पण बाईंनी त्या पाचव्या नंबरावर अख्खा जन्म काढला. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणाऱ्या या बँकेत त्या अध्यक्षांच्या खालोखालच्या खुर्चीपर्यंत पोचल्या, आणि दर सभेत तीच टेप लावायच्या, की माझी नजर फक्त अंतिम रेषेवर होती. मागच्या रांगेत बसलेली चिमणी मनात म्हणायची, अगं भवाने, रेषा तुझ्या पाठीमागे होती. तुझी नजर होती माझ्या नाकावर.

तोंडाने अर्थात ती काही बोलायची नाही. नोकरी होती. ऑफिसात ती बाईंना "अहो मॅडम" म्हणायची आणि बाई तिला ओळख नसल्यासारखी मान हलवायच्या.

चिमणीचा विभाग तीन माणसांचा: ती, दोन वर्षांनी निवृत्त होणारे एक हिशेबनीस आणि चार महिन्यांचं बाळ घरी ठेवून येणारी एक वकील. सौद्याचे कागद वाचायचे आणि शेरा मारायचा, "हरकत नाही" किंवा "थांबा". लिहिलेला शेरा ज्याचा त्यानंच खोडायचा. नाहीतर वरच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने, स्वतःच्या मानेवर घेऊन पुढे जायचं. एका जहाज कंपनीच्या फाइलवर चिमणीनं "थांबा" लिहिलं होतं, कारण कंपनीच्या अकरा जहाजांपैकी दोन गेल्याच वर्षी भंगारात गेली होती. कागदावर ती अजून समुद्रात डौलात फिरत होती.

बाईंचं पित्त खवळलं. हा सौदा म्हणजे त्यांची बढती. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या की बोटीत वल्हं नसलेलं माणूस म्हणजे नुसतं ओझं, आणि असं ओझं महिनाअखेर उतरवलं जाईल. हिशेबनिसांची आणि वकिलीणबाईंची झोपच उडाली. चिमणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं हिला बंधाऱ्यापासून वाचवलं, वळणावर वाचवलं, आणि मी ओझं?

त्याच आठवड्यात बँकेची वार्षिक सहल तळ्यावर गेली. बाईंना आपलं म्हणणं करून दाखवायची हुक्की आली. शिकाऊंची रुंद बोट काढायला लावली, सात विभागप्रमुखांना वल्ही दिली, आठवं स्वतः घेतलं. सुकाणूची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. काठावर अध्यक्ष छत्री धरून उभे होते, बाकी सगळा स्टाफ होता. बोटीवाला सांगून थकला की मॅडम, सुकाणूवर कुणीतरी बसवा. त्याच्याकडे लक्ष कोण देतो?

बोट निघाली ती तिरकी. डावीकडचे घाबरून ओढत होते, उजवीकडचे चेंगटपणे. बाई "जोर लावा, जोर लावा" म्हणत होत्या आणि बोट सरळ दगडी धक्क्यावर निघाली होती. आठ पाठी धक्क्याकडे, आठ तोंडं तळ्याकडे. चिमणीला काठावरून सगळं दिसत होतं. खोटं कशाला बोला, आपटू दे, असं तिच्या मनात आलंच. मग टोकाला बसलेल्या त्या गुबगुबीत विक्रीप्रमुखाचं डोकं तिला दिसलं, आणि पोटातून जुना आवाज निघाला.

"थांब, ताडे! वल्हं टेकव!"

बाईंचे हात जागच्या जागी थांबले. वल्हं पाण्यात उभं टेकलं, बाकीच्यांची त्याच्यावर अडखळली, बोट गर्रकन वळली आणि धक्क्याला नुसती घासून गेली. सगळे चिंब झाले, पण डोकी शाबूत राहिली.

अध्यक्षांनी विचारलं, कुणी थांबवलं म्हणून. बाई केस पिळत म्हणाल्या, मीच, वेळेवर लक्षात आलं माझ्या. आणि त्या सात होयबांनी, ज्यांच्या कानांत तो आवाज अजून घुमत होता, एकामागून एक माना डोलावल्या. टाळ्या पडल्या. यांना पगार कशाचा मिळतो, हे चिमणीला त्या दिवशी नीट समजलं.

सोमवारी नवव्या मजल्यावरून बोलावणं आलं. चिमणी उठली तसे हिशेबनीस हळूच म्हणाले, आमच्यासाठी म्हणून खोडून येऊ नका हं. वकिलीणबाईंनीही मान हलवली. डोळे भरले होते, पण हलवली.

वर बाईंच्या टेबलावर जहाजांची फाइल उघडी होती. आज त्यांनी दार लावून घेतलं, खुर्ची दिली, चक्क चहा मागवला. म्हणाल्या, हा शेरा खोड, तुमचा विभाग राहील, तिघेही राहाल. मग आवाज उतरवून बोलल्या, "परवा तू ओरडलीस ते बरं झालं. विसरले नाहीये मी."

चिमणीनं फोटोकडे पाहिलं, स्वतःचं कोपर पाहिलं आणि बाईंचं पेन उचलून बाईंच्याच हातात दिलं.

"माझा शेरा तोच. सौदा हवाय तर तुझी सही कर. बोटीत ओझं नको होतं ना तुला? उतरले मी. वल्हव आता."

बाईंनी पेन कागदाला टेकवलं. सही होईना. मान वर करून त्या चिमणीच्या तोंडाकडे बघत राहिल्या, शर्यतीत बघायच्या तशा, पुढे काय आहे ते ती सांगेल म्हणून.

चिमणीनं चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि काही न सांगता जिना उतरून आपल्या दोघांकडे गेली.