रक्तदात्यांच्या यादीला लागलेली नजर

१९८८ सालची गोष्ट. कोल्हापुरातल्या आमच्या इस्पितळाच्या नोंदणी खोलीत त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. महिनाभर रखडणाऱ्या संगणकावर उतारा म्हणून बोलावलेल्या बुवांनी त्याला भस्म फासलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "नजर लागलीया यंत्राला. आता यादीतलं पयलं नाव काडा. पयलं नाव शुभ असतंय."

मी पहिल्या रक्तदात्याचं नाव टाकलं. एरवी एखाद्या नावाला आठ-नऊ मिनिटंही घेणाऱ्या यंत्राने ते क्षणात दाखवलं. लोकांनी हात जोडले. विभागप्रमुख असून मीही जोडले.

"पन नजर हितंच बसलीया," बुवांनी आमच्या ऑपरेटर सरोजिनीबाईंकडे बोट केलं. वर्षापूर्वीच त्यांचे यजमान गेले होते. "ही बाई यंत्राम्होरं नको."

मी खाली बघत म्हणालो, "बाई, काही दिवस बाहेरच्या टेबलावर बसा."

शनिवारी गारगोटीच्या शालूबाईंची सून बाळंतपणात अत्यवस्थ झाली. तिला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. मी भस्म लावून शोध सुरू केला. नऊ मिनिटांनी एक नाव आलं. तो माणूस गाव सोडून गेलेला. पुन्हा शोध, पुन्हा थांबणं.

"सायेब, भस्म लावलंय न्हवं? मग का दिसंना?" शालूबाईंनी विचारलं.

सरोजिनीबाई न विचारताच आत आल्या. "सर, महिनाभर मी घड्याळ लावून वहीत वेळा लिहिल्यात. नाव जितकं खाली, तितका उशीर. यंत्र दर वेळी पहिल्या नावापासून वाचत येतंय. कुठलं नाव, कुठला रक्तगट कुठं आहे ते थेट सांगणारी अनुक्रमणिका होती, ती कुठं गेली?"

"मी पुसली," मी म्हणालो. "जागा अडवत होती."

पंधरा मिनिटांत त्यांनी रक्तगटांची अनुक्रमणिका नव्याने तयार केली आणि एका दमात अकरा नावं पडद्यावर आली. हुपरीचा एक चांदी कारागीर जीपने आला. सून वाचली.

सोमवारी मी सगळ्यांना बोलावून अनुक्रमणिका नसलेल्या जुन्या यादीवर भस्माशिवाय पहिलं नाव काढून दाखवलं. तेही क्षणात आलं. शेवटच्याला नऊ मिनिटं लागली. बुवांचा चमत्कार एवढाच होता. मग सर्वांसमोर बाईंची माफी मागितली.

"माफी राहू दे, सर," त्या म्हणाल्या. "ती वही मी तुम्हांला आधी दाखवली होती. तुम्ही उघडलीसुद्धा नाही."

बुवा फसवून गेला, असं मला म्हणता येत नाही. मी फसायला तयार होतो, कारण दोष माझा निघू नये असं मला वाटत होतं. काही अडलं तर आधी मोजा, तपासा, स्वतःला विचारा. एखाद्या बाईला दाराबाहेर बसवून कुठलंच यंत्र सुधारत नाही.