लेण्याद्रीची अर्धी फेरी

"सरतं दळण, लेक निजली मांडीला,
तिच्या भाग्याचा गं दिवा लावीन दांडीला..."

मंगरूळपीरच्या घरात पहाटे जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आईचा तो आवाज पूर्णिमाला अजून तसाच ऐकू यायचा. तीच आई, गोदाबाई, आता गाडीत मागं नारळाची पिशवी धरून बसली होती. पुढं वडील, हिंमतराव. दोघं लेकीच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटवर पाहुणी आली होती. हिंजवडीतल्या नोकरीवर घेतलेली गाडी पूर्णिमा स्वतः चालवत होती. जायचं होतं जुन्नरला, लेण्याद्रीच्या गणपतीला.

ऑफिसातल्या संतोष वानखडेशी लग्न करायचंय, हे तिनं दिवाळीत घरी सांगितलं होतं. अकोल्याकडचा, वानखडे, एवढं ऐकूनच हिंमतराव खूश झाले. आपल्यातलाच! खरं तर त्या मुलखात वानखडे सगळ्या समाजांत सापडतात. संतोषचं घर बौद्ध होतं. तेवढं मात्र पूर्णिमानं सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी हिंमतराव अकोल्याला घर पाहायला निघणार होते, त्याआधी बाप्पाच्या पायाशी जाऊन यायचं म्हणून ही फेरी. आज सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. पण चाकण गेलं, नारायणगाव गेलं. तोंड उघडावं तर कधी टोलनाका मध्ये यायचा, कधी वडापाव.

डोंगर चढून वर आल्यावर गणपतीपुढं ही रांग. शेजारच्या लेण्यात गारवा दिसला, तशी गोदाबाई आत शिरली. दोन्ही बाजूंना खांबांची ओळ आणि शेवटी दगडातच कोरलेला गोल, उंच स्तूप.

"बाई बाई! केवढी मोठी पिंड वं ही!" तिनं पिशवीतून नारळ काढला.

दाराशी खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी जागचा हललाही नाही. "फोडा की. आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी आणा. तोवर नारळ टिकला तर फोडा."

गोदाबाईनं नारळ परत पिशवीत ठेवला, हात जोडले आणि प्रदक्षिणेला निघाली. अर्ध्यावर जाऊन, महादेवापुढं फिरतात तशी, ती मागं वळली. तेवढ्यात पांढऱ्या साड्यांतल्या बाया समोरून फेरी घालत आल्या आणि सगळ्यांची गर्दी झाली.

"माय, उलटी काहून येता?" पुढच्या बाईनं विचारलं.

"पिंडीचं पाणी ओलांडू नाही ना, बाई."

"पाणी कुठी हाय इथं? हा स्तूप हाय, बुद्धाचा. पुरी फेरी घाला." बाई हसली. "आमच्याइकडल्याच दिसता. गाव कोणतं?"

"मंगरूळपीर. तुमचं?"

"मूर्तिजापूर. लेक येरवड्याले राहते. मी इंदुबाई."

दोघी बोलत बोलत सगळी फेरी फिरल्या. कापूस, गुडघे, पुण्यातलं पाणचट दूध. इंदुबाईनं निघताना गोदाबाईच्या हातावर खडीसाखर ठेवली. गोदाबाईनं ती तिथंच तोंडात टाकली.

हिंमतराव मात्र उंबऱ्याबाहेरच थांबले होते. पूर्णिमानं हाक मारली, "बाबा, या ना, बघण्यासारखं आहे."

"पाहू दे तुझ्या मायले. मी इथंच बरा." त्यांनी चप्पलही काढली नव्हती. गोदाबाई बाहेर आली तसं ते हळूच म्हणाले, "त्या लोकाइचं हाय ते. कोणाच्या हातचं खाऊन राहिली तू?"

"गोड हाय," गोदाबाई म्हणाली. "तुमाले देऊ?"

"चाल. रांग सरकली." ते वळले. "पूर्णिमे, बाप्पाले सांग, रविवारी वानखड्याइकडे सगळं नीट होऊ दे म्हणा."

पूर्णिमा रांगेत जागची हलली नाही. मागचे लोक ओरडले, "अहो ताई, जायचंय की फोटो काढायचाय?" तिनं त्यांना पुढं जाऊ दिलं.

"बाबा, रविवारी तुम्ही ज्या घरात पाणी प्यायला जाणार आहात ना, ते ह्याच लोकांतलं आहे. संतोष बौद्ध आहे. मला दिवाळीतच माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."