पापणीला लावलेलं अंडं

अंडं पापणीला टेकवायचं आणि ऊब बरोबर आहे की नाही ते सांगायचं, ही अक्काची सव्वीस वर्षांची पद्धत. काचेतला पारा चुकेल, पण अक्काची पापणी चुकायची नाही, असं उबवणी केंद्राचे मालक छाती फुगवून पाहुण्यांना सांगायचे.

आणि परवा त्याच पापणीने घात केला. अंडं गार लागलं, म्हणून तिने पाऱ्याला वेड्यात काढलं आणि मशीनची उष्णता वाढवली. मालकांनी वेळेत पाहिलं, नाहीतर बारा हजार पिल्लं आतल्या आत गेली असती. मालक ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. पुन्हा असं झालं तर अंडी सोडा आणि पिल्लांची खोकी बांधायला बसा, एवढंच म्हणाले.

अक्का नणंदेकडे जाऊन ढसाढसा रडली. नणंद डॉक्टर. पाळी गेल्यापासून मधूनच अंगातून वाफा निघतात ना, अंडं लावलं तेव्हाही निघत होत्या का, असं तिने विचारलं. होत्या की!

"मग वहिनी, अंडं गार नव्हतं. तुझी पापणी तापली होती."

पुढचं ऐकताना अक्काचं रडं थांबलं. म्हणे मेंदूच्या तळाशी चिमूटभर पेशी असतात. अंगातलं इस्ट्रोजेन त्यांना थोपटून गप्प ठेवतं. ते आटलं की त्या फुगतात, एक रसायन सोडतात आणि तापमान सांभाळणाऱ्या शेजारच्या केंद्राला भलतीच वर्दी देतात, की अंग तापलंय. ते बिचारं लगेच कातडीकडे रक्त धाडतं, घाम फोडतं.

बाप रे, म्हणजे आपल्याही डोक्यात कुणीतरी ऊब सांभाळत बसलंय! बावन्न वर्षं, एक दिवस रजा न घेता. आणि आता खोट्या वर्दीवर धावतंय, अगदी आपल्यासारखंच. तिला त्याचं इतकं नवल वाटलं की हात आपोआप डोक्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी मालक शेजारी उभे असतानाच मानेतून वाफ चढली. अक्काने हातातलं अंडं परत ट्रेमध्ये ठेवलं. आत्ता माझी पापणी खोटं बोलेल, दहा मिनिटं थांबा, असं तिने सरळ सांगून टाकलं. मग मान खाली घालून आतल्या त्या राखणदारणीला हळूच म्हणाली, "अगं, काही जळत नाहीये. बस जरा."

घाम वाळला. तिने अंडं पापणीला लावलं आणि ऊब बरोबर असल्याचं सांगितलं. मालकांनी पारा पाहिला. तोही तेच म्हणत होता.

"खोकी राहू द्या, अक्का," ते म्हणाले.

अक्काचं लक्षच नव्हतं. अंडं अजून पापणीलाच होतं, आणि कवचाच्या आतून कुणीतरी टकटक करत होतं.